राणी एम्माचा काळा पोशाख : अल्ब्युमेन प्रिंटच्या नोंदी

६ नोव्हेंबर २०२४

दिवाळी आटोपली, पाहुणे गेले, गच्चीवरची खोली पुन्हा कामाला मिळाली. फेब्रुवारीत आमच्या गटाचं छोटं प्रदर्शन आहे. प्रत्येकाने एकोणिसाव्या शतकातला एक चेहरा निवडायचा आणि तो तेव्हा ज्या पद्धतीने कागदावर उतरला असेल, त्याच पद्धतीने हाताने छापायचा. मी हवाईची राणी एम्मा घेतली आहे. कामील सिल्व्ही या फ्रेंच छायाचित्रकाराने १८६५ मध्ये लंडनच्या आपल्या स्टुडिओत तिचा फोटो काढला. काचेवर कोलोडियन नावाच्या चिकट द्रावाचा ओला थर देऊन केलेली निगेटिव्ह आणि कागदावर अंड्याच्या पांढऱ्यावर, म्हणजे अल्ब्युमेनवर, बसवलेली चांदी, अशी त्याची पद्धत. काच माझ्या हाती येणार नाही, पण कागद करता येईल.

हाच फोटो का, ते लिहून ठेवते. फोटोत ती २९ वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी, २७ ऑगस्ट १८६२ ला, तिचा एकुलता एक मुलगा चार वर्षांचा होऊन गेला. ३० नोव्हेंबर १८६३ ला नवरा गेला, राजा कामेहामेहा चौथा, तोही २९ वर्षांचाच होता. त्यानंतर ही बाई अर्धी पृथ्वी ओलांडून युरोपात आली, काळ्या पोशाखात दरबारांत वावरली, पैसे उभे केले, आणि त्याच पोशाखात कॅमेऱ्यासमोर बसली. फोटोत सगळ्यात जास्त जागा या काळ्या कापडाने घेतली आहे. त्या कापडात काय आहे ते मला पाहायचं आहे.

९ नोव्हेंबर

स्कॅन तपासला. फोटो दीडशेहून अधिक वर्षांचा, हक्कांचा प्रश्न नाही, आणि रिझोल्यूशन कामापुरतं चांगलं आहे.

स्क्रीनवर पहिल्यांदा दिसतो तो पिवळेपणा. सगळ्यांना तो आवडतो, फोनवर तर जुनेपणाचा रंग म्हणून तो वेगळा चढवतात. पण १८६५ मध्ये हा फोटो असा नव्हता. ताजा अल्ब्युमेन प्रिंट जांभळट तपकिरी असतो, सावल्या जवळजवळ वांग्याच्या रंगाच्या, आणि पांढरं बऱ्यापैकी पांढरं. अंड्यातली प्रथिनं वर्षानुवर्षं हवा आणि ओल लागून पिवळी पडतात, चांदीचे बारीक कण गंधकाने खराब होतात, आणि उजळ भागातले तपशील आधी विरतात. म्हणजे आपण ज्याला जुन्या फोटोचा रंग म्हणतो, ती त्याची दुखापत आहे.

कामाचा नियम त्यामुळे लवकर ठरला. काळाने जे केलं ते शक्य तितकं काढायचं. तिने आणि सिल्व्हीने जे केलं त्याला हात लावायचा नाही.

स्कॅनमधले लाल, हिरवा, निळा हे तीन रंग (चॅनल) वेगळे करून पाहिले. लाल चॅनलमध्ये डाग खूप कमी दिसतात. विरलेल्या उजळ भागातले तपशील मात्र निळ्या चॅनलमध्ये टिकून आहेत. दोन्हींतून थोडं थोडं घ्यावं लागणार. पोशाख? पोशाख तिन्ही चॅनलमध्ये एक सपाट काळा डाग आहे. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या २५६ पायऱ्यांपैकी अगदी तळाच्या थोड्या पायऱ्यांत सगळा झगा कोंबलेला.

१० नोव्हेंबर

अंडी. अर्धा लिटर पांढरं हवं, मोठी अंडी असली तर सोळा-सतरात होतं. पिवळ्याचा एक थेंब आणि तो वरचा दोरीसारखा पांढरा धागा, दोन्ही काढायचे. साडेसात ग्रॅम अमोनियम क्लोराइड थोड्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून त्यात घातलं, एक मिलिलिटर पातळ ॲसिटिक ॲसिड, आणि मग पांढराशुभ्र फेस होईपर्यंत घुसळलं. पातेलं झाकून फ्रिजमध्ये. उद्यापर्यंत फेसाखाली पातळ द्रव उतरेल.

पिवळं कोपऱ्यावरच्या बेकरीत दिलं. जर्मनीत ड्रेस्डेनला अल्ब्युमेन कागदाचे कारखाने होते, तिथे उरलेलं पिवळं चामडं कमावणाऱ्यांना विकत. ४८० ताव कागदाच्या एका रिमला २७ डझन अंडी लागत. १८८८ मध्ये तिथल्या एकाच कंपनीने १८,६७४ रिम कागद केला, म्हणजे साठ लाखांहून जास्त अंडी. ती घुसळणाऱ्या आणि कागद उचलणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या. त्या काळच्या युरोपातल्या कुठल्याही घरातला अल्बम उघडला तर त्यामागे इतक्या जणींचे हात आहेत.

११ नोव्हेंबर

मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळलं. बाटली भरली, तारीख लिहिली. आठवडाभर मुरू दे.

१८ नोव्हेंबर

कागद चढवले. पातळ, सुती, साधारण ९० ग्रॅमचा कागद घेतला आहे. तेव्हा या कामाचा चांगला कागद मुख्यतः दोनच गिरण्यांतून यायचा, फ्रान्समधल्या रिव्हची आणि आज बेल्जियममध्ये असलेल्या माल्मेडीची. लोखंडाचा कण नसलेलं पाणी तिथे होतं म्हणे.

ट्रेमध्ये अल्ब्युमेन ओतून वरचे बुडबुडे कागदाच्या पट्टीने ओढून काढायचे. मग कागदाचे दोन कोपरे धरून मधला भाग आधी टेकवायचा, आणि हळूहळू कडा सोडायच्या. तीन मिनिटं. उचलताना न थांबता, एका हाताच्या ओढीने. मध्ये थबकलं की तिथे रेघ उमटते आणि ती पुढे चांदीतही दिसते. दोरीवर लाकडी चिमट्यांनी टांगले. आईने खाली येताना विचारलं, "हे पापड कुठले?" खरंच तसेच वळले होते सगळे.

२२ नोव्हेंबर

आज हात कोरडे, वाचन केलं. प्रवासाच्या तपशिलांनी फोटो पाहायची नजर बदलली.

एम्माचा जन्म २ जानेवारी १८३६ चा. आईचे वडील जॉन यंग, पहिल्या कामेहामेहाचे इंग्रज सल्लागार. जन्मल्याबरोबर तिला मावशीने, ग्रेस कामाइकुईने, हवाईच्या हानाई रीतीप्रमाणे वाढवायला घेतलं. मावशीचा नवरा डॉक्टर रूक हा इंग्रज वैद्य. घरात इंग्रजी आणि हवाईयन दोन्ही, त्यामुळे लंडनमध्ये तिला दुभाष्या लागला नाही. सरदारांच्या मुलांच्या शाळेत शिकली, १८५६ मध्ये राजाशी लग्न झालं.

देवीच्या साथी, गोवर, परदेशी जहाजांबरोबर आलेले आजार, यांनी हवाईची माणसं झपाट्याने कमी होत होती. १८५३ च्या देवीत हजारो गेले. राजा आणि राणी इस्पितळासाठी होनोलुलूत स्वतः दारोदार फिरले आणि वर्गणी गोळा केली. १८५९ मध्ये इस्पितळ सुरू झालं, त्याला राणीचं नाव मिळालं, आणि ते आजही चालू आहे. राजाने इंग्लंडच्या चर्चचं प्रार्थनापुस्तक हवाईयनमध्ये आणलं. मुलाची धर्ममाता व्हायला राणी व्हिक्टोरियाने होकार दिला होता. तिने पाठवलेला चांदीचा भलामोठा पेला आज नुउआनू खोऱ्यातल्या हानायाकामालामा या एम्माच्या उन्हाळी घरात ठेवलेला आहे. मुलगा तो वापरायला राहिला नाही.

मे १८६५ मध्ये ती ब्रिटिश युद्धनौकेने निघाली, पनामामार्गे जुलैत इंग्लंडला पोचली. उतरली लेडी फ्रँकलिनकडे. उत्तर ध्रुवाच्या वाटेवर बेपत्ता झालेल्या सर जॉन फ्रँकलिनची ही विधवा १८६१ मध्ये हवाईला येऊन गेली होती, तिथे ओळख झाली होती. ९ सप्टेंबरला विंडसरला व्हिक्टोरियाची भेट. व्हिक्टोरियाने रोजनिशीत लिहिलं आहे की तिची वागणूक अतिशय छान आणि भारदस्त होती, डोळे सुंदर आणि मृदू, वर्ण सावळा पण हिंदी माणसापेक्षा जास्त नाही, आणि अंगावर अगदी माझ्यासारखाच विधवेचा पोशाख. व्हिक्टोरियाने हिंदुस्थान कधी पाहिला नाही. तरी तिच्याजवळ वर्ण मोजायची जी एकमेव पट्टी होती, ती आपली होती. हे वाक्य पुण्यात बसून वाचताना वेगळं लागतं.

दोघींचा पोशाख सारखा असणं हा योगायोग मानायला मी तयार नाही. समुद्रातल्या एका छोट्या राज्याची राणी आणि अर्ध्या जगाची राणी एकाच कापडात समोरासमोर उभ्या होत्या. दुःख खरं होतंच. पण ते दुःख कोणत्या पोशाखात दरबारात न्यायचं, हे एम्माने पूर्ण समजून ठरवलेलं दिसतं.

२५ नोव्हेंबर

डिजिटल निगेटिव्ह. नितीनदादाच्या प्रिंटिंगच्या दुकानात ट्रान्सपरन्सी फिल्मवर काढली. दादा नेहमीच्या सवयीने म्हणाला, "ताई, काँट्रास्ट कमी करून देऊ का, फार कडक आहे." त्याला दाखवलं की अल्ब्युमेनला अशीच कडक निगेटिव्ह लागते. साध्या ब्रोमाइड कागदावर जी निगेटिव्ह निव्वळ काळी-पांढरी दिसेल, तीच इथे मऊ उतरते. कोलोडियनची काच जात्याच दाट असायची, दोघांची जोडी त्यामुळेच जमली आणि तीसेक वर्षं टिकली.

सोबत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २१ पायऱ्यांची चाचणीची पट्टीही काढून घेतली.

१ डिसेंबर

चाचणी. १२ टक्के सिल्व्हर नायट्रेटवर पिवळ्या बल्बखाली कागद तीन मिनिटं तरंगवला, टांगला, तासाभरात वाळला. हातमोजे, चष्मा, जुना ॲप्रन. चांदीचा डाग अंगावरून आठवडाभर जात नाही.

बाराच्या सुमारास कॉन्टॅक्ट फ्रेम, म्हणजे निगेटिव्ह आणि कागद एकमेकांवर दाबून धरणारी चौकट, गच्चीवर ठेवली. या कागदाला डेव्हलपर नाही, उन्हातच चित्र दिसू लागतं. फ्रेमची मागची फळी अर्धी उघडते, निगेटिव्ह न हलवता कागदाचा एक भाग उचलून पाहता येतो. आधी विटकरी, मग गडद चॉकलेटी, मग काळ्या भागांवर कांशासारखी झाक. हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावात, गेल्यावर चित्र फिकटतं, म्हणून हवं त्याहून बरंच गडद होऊ द्यायचं.

पट्टीवरच्या पायऱ्या मोजल्या, निगेटिव्हचा कर्व्ह, म्हणजे उजळ-गडदाचं प्रमाण, दुरुस्त केला. नितीनदादाकडे पुन्हा जाणं आहे.

८ डिसेंबर

आजची नोंद सावकाश लिहिते.

नवीन निगेटिव्ह, स्वच्छ ऊन, कागद नीट वाळलेला. दहा मिनिटांत चेहरा आला, पोशाख पूर्ण गडद झाला. मग तिथेच थांबला. चेहरा पुढे सरकत होता, मागची भिंत सरकत होती, पोशाख मात्र फार हळू बदलत होता. हे पुस्तकात शेकडो वेळा वाचलं आहे: उन्हाने काळी झालेली चांदी स्वतःच आपल्या खालच्या थरावर सावली धरते. जितकं काळं, तितका पुढचा प्रकाश अडतो. त्यामुळे सगळ्यात गडद भाग पळून जात नाहीत, त्यांच्यातले बारीक फरक उमटायला वेळ मिळतो.

धुतला, हायपोत घातला, पुन्हा धुतला, खिडकीपाशी धरला. झग्याच्या घड्या होत्या. बाहीची शिवण होती. कापडाचा एक भाग प्रकाश गिळत होता आणि दुसऱ्यावर अगदी पुसट झळाळी होती. व्हिक्टोरियन काळात सुतकाच्या पोशाखाला क्रेप लावत, मुद्दाम चुण्या पाडून चकाकी घालवलेलं रेशीम, कारण शोकात चमकणं वावगं मानलं जाई. पहिल्या वर्षी जवळजवळ सगळा पोशाखच निस्तेज, पुढे हळूहळू साध्या रेशमाला परवानगी. त्या काळच्या बायकांना हे कापड वाचता येत असे. कोण किती दिवस शोकात आहे, किती खर्च केला आहे, हे सगळं त्या काळ्यातल्या फरकांत होतं.

स्कॅनमध्ये हे सगळं होतं, तळाच्या त्या थोड्या पायऱ्यांत. पण स्क्रीन ते दाखवू शकत नव्हती, आणि दाखवायचं म्हणून उजळलं तर काळा राखाडी होतो आणि शोकच जातो. अंड्याच्या कागदावर काळा काळाच राहिला आणि तरी उलगडला. १८६५ मध्ये ज्यांच्या हातात हा फोटो, तेव्हाच्या रीतीप्रमाणे छोट्या कार्डावर चिकटवलेला, पडला, त्यांनी तिला असं पाहिलं असणार. मी आजवर तिला पाहिलंच नव्हतं, असं वाटलं.

९ डिसेंबर

टोनिंग. गोल्ड क्लोराइड आणि बोरॅक्सचं पाणी. टोनिंगशिवाय प्रिंट हायपोत गेला की वीटभट्टीच्या रंगाचा होतो, सोन्याने तो जांभळट तपकिरी होतो आणि टिकतोही जास्त. सोनं महाग आहे, म्हणून छोट्या ट्रेमध्ये प्रिंट एकेक करून फिरवले. हवा त्या रंगाच्या थोडं आधीच बाहेर काढायचं, वाळताना रंग आणखी थंड होतो.

हायपो १५ टक्के, दोन ट्रे, प्रत्येकी चार मिनिटं. मग वाहतं पाणी.

१५ डिसेंबर

इनामदार सर आले होते. निवृत्त रसायनशास्त्राचे प्राध्यापक, आमच्या गटात सगळ्यात जास्त प्रिंट त्यांनी केले आहेत. प्रिंट बराच वेळ भिंगाखाली पाहून म्हणाले, "पोशाख उत्तम. चेहरा थोडा उचल. निगेटिव्हमध्ये अर्धा स्टॉप दे." (स्टॉप म्हणजे उजेड मोजायची पायरी.)

मी विचारलं, "कशासाठी, सर?"

त्यांचं म्हणणं नीट समजून घेण्यासारखं आहे. कोलोडियनला फक्त निळा, जांभळा आणि त्यापलीकडचा अदृश्य प्रकाश कळतो. तांबडा, पिवळा, तपकिरी, हे सगळे त्याला अंधार. निळे डोळे पांढुरके उमटतात, गोऱ्या माणसाच्या अंगावरचे वांग ठळक होतात, आणि सावळी त्वचा डोळ्यांना दिसते त्याहून गडद होते. म्हणजे काचेने एम्माला आधीच काळवंडलं आहे. आपण उजळलं तर ती दुरुस्ती आहे, असं सर म्हणाले. त्यांचा तर्क शास्त्राच्या दृष्टीने बिनचूक आहे.

तरी मी नाही म्हटलं. एक तर सिल्व्हीला हे सगळं ठाऊक होतं. त्याच्या स्टुडिओत सगळ्या वर्णांची माणसं बसून गेली, १८६२ मध्ये त्याने सारा फोर्ब्स बोनेटाचे फोटो काढले, पश्चिम आफ्रिकेत जन्मलेली आणि व्हिक्टोरियाच्या कृपाछत्राखाली वाढलेली ती तरुणी. प्रकाश किती, काच किती वेळ उघडी, छापताना किती थांबायचं, हे त्याच्या हातातले निर्णय होते, आणि त्यांतून हा चेहरा आला.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं. एम्माचा नवरा सोळा वर्षांचा असताना, १८५० मध्ये, भावाबरोबर अमेरिकेत गेला होता. आगगाडीत कंडक्टरने त्याला कोणाचा तरी नोकर समजून डब्यातून बाहेर व्हायला सांगितलं. त्याने ते आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं, आणि पुढे राजा झाल्यावर त्याचा कल अमेरिकेपेक्षा इंग्लंडकडे राहिला, त्यामागे हा अपमानही आहे. अशा घरातल्या बाईचा चेहरा, जो तिच्या वर्णासकट जगाला दिसला, तो आज मी काही पायऱ्या वर चढवायचा? लग्नाच्या अल्बमात नवरीला दोन छटा उजळ करून देणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, आणि त्यामागचा हेतू आपल्याला चांगला माहीत आहे. माझा हेतू शुद्ध असला तरी पाहणाऱ्याला उजळलेला चेहराच दिसणार.

सर थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग फलकावर लिही, ही काच रंग कसे पाहायची ते. लोकांना कळू दे." हे पटलं. माहितीफलकात ते येईल.

२९ डिसेंबर

दुसरा थर. पहिल्या थराचे कागद अमोनियम क्लोराइड घातलेल्या पातळ आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून कडक केले, वाळवले, पुन्हा अल्ब्युमेनवर तरंगवले, या वेळी उलट्या कोपऱ्याने टांगले म्हणजे ओघळ समतोल होतात. चकाकी आता १८६० च्या दशकातल्या कार्डांच्या जवळ जाते. पोशाखाच्या खोलीला याचा फायदा होईल असं दिसतं.

१२ जानेवारी २०२५

आकाराबद्दल गटात चर्चा झाली. बाकीचे दहा बाय आठ छापताहेत. माझा कार्ड-द-व्हिझिटच्या आकाराचा राहणार: प्रिंट साधारण ५४ बाय ८९ मिलिमीटर, खालचं कार्ड ६४ बाय १००. तळहातात मावणारा. पॅरिसच्या दिस्देरीने १८५४ मध्ये याचं पेटंट घेतलं, १८६० मध्ये मेयॉल या छायाचित्रकाराने व्हिक्टोरिया आणि तिचा नवरा आल्बर्ट यांची कार्डं विकायला काढली आणि इंग्लंडला वेड लागलं. राजाराणीचा चेहरा प्रथमच दुकानातून विकत घेऊन घरच्या अल्बमात, स्वतःच्या काका-मामांच्या शेजारी लावता येऊ लागला. मुंबईतही तेव्हा हे काम जोरात होतं, १८५४ मध्येच तिथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती आणि डॉक्टर नारायण दाजींसारखी माणसं तिच्यात होती.

सिल्व्हीचा स्टुडिओ बेजवॉटरमध्ये, ३८ पोर्चेस्टर टेरेस. १८५९ ते १८६८ एवढाच काळ त्याने तो चालवला, पण हजारो माणसं तिथे बसून गेली. प्रत्येक बैठकीचा एक प्रिंट क्रमांक घालून वह्यांत चिकटवलेला असे. त्या वह्या लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत जपलेल्या आहेत. लॉर्ड, नट्या, पाद्री, लहान मुलं, आणि त्याच रांगेत एम्मा. अल्बमात ती कोणाच्याही शेजारी, त्याच मापाची. तिला मोठं करून भिंतीवर लावलं तर हे जातं. म्हणून लहानच.

१८ जानेवारी

संक्रांतीनंतर ऊन बदललं आहे, एक्सपोजर कमी झालं. अंतिम प्रिंट काढायला घेतले. एकदा थोडा ढग आला तेव्हा फ्रेम सावलीत ठेवून पाहिली. सावलीत काँट्रास्ट वाढतो, चेहऱ्याला बरं, पोशाखाला नाही. पुन्हा उन्हात.

२६ जानेवारी

फलकाचा मजकूर. दीडशे शब्दांत बसवायचा आहे आणि माझं सगळं लक्ष एका गोष्टीवर आहे: पाहणाऱ्याने तिला केवळ दुःखी विधवा समजून पुढे जाऊ नये.

कारण हा फोटो तिच्या सार्वजनिक आयुष्याच्या मध्यावरचा आहे. लंडननंतर फ्रान्स, इटली. १८६६ च्या ऑगस्टमध्ये ती वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनला भेटली. व्हाइट हाउसच्या पाहुण्यांत राणीचं हे पहिलं नाव. त्याच प्रवासात तिला वाढवणारी मावशी इकडे हवाईत वारली. होनोलुलूच्या सेंट अँड्र्यूज कॅथिड्रलसाठी तिने इंग्लंडमध्ये जमवलेला पैसा कामी आला, १८६७ मध्ये पाया घातला गेला.

आणि १८७४. राजा लुनालिलो वारस न नेमता वारला तेव्हा एम्मा गादीसाठी उभी राहिली. अमेरिकेच्या वाढत्या पकडीला तिचा उघड विरोध होता. १२ फेब्रुवारीला विधिमंडळाने ३९ विरुद्ध ६ मतांनी तिचा प्रतिस्पर्धी कालाकाउआ याला निवडलं. सामान्य हवाईयन माणसांत तिचा पाठिंबा मोठा होता, तिच्या लोकांनी न्यायालयाच्या इमारतीत घुसून आमदारांना मारहाण केली, आणि दंगल मोडायला अमेरिकन आणि ब्रिटिश नौसैनिक उतरवले गेले. तिने दुसऱ्या दिवशी कालाकाउआला राजा मानलं. त्याच काळातली तिची आणि पीटर काइओची पत्रं आहेत. पीटर तिचा मावसभाऊ, महारोगामुळे १८७३ मध्ये कालाउपापाला, महारोग्यांच्या वसाहतीत, धाडलेला. दोघं एकमेकांना औषधं, जेवण, स्वप्नं आणि राजकारण, सगळं लिहितात. इतकी जिवंत, हट्टी, विचार करणारी बाई आहे ही. २५ एप्रिल १८८५ ला, ४९ व्या वर्षी गेली.

दीडशे शब्दांत पत्रं बसली नाहीत. निवडणूक ठेवली, इस्पितळ ठेवलं, काचेच्या रंगदृष्टीबद्दल दोन ओळी ठेवल्या.

नाव कसं लिहायचं? 'कामेहामेहा चौथ्याची विधवा' असा मथळा गटाच्या यादीत आधीपासून होता. तो बदलून घेतला. आता असं आहे: "राणी एम्मा कालेलेओनालानी, हवाई. छायाचित्र: कामील सिल्व्ही, लंडन, १८६५." कालेलेओनालानी हे तिने स्वतः घेतलेलं नाव, म्हणून ते मथळ्यात.

२ फेब्रुवारी

प्रिंट स्टार्चच्या खळीने कार्डावर चिकटवले. ओल्या प्रिंटच्या मागे खळ लावायची, मधून बाहेर बोटाने दाबत न्यायचं, ब्लॉटिंग पेपर, वरून वजन. कार्ड किंचित वळतं, रात्रभर दाबून ठेवलं की सरळ होतं.

पाच प्रिंटांतला एक निवडला. दुसऱ्या थराचा कागद, सोन्याचा रंग थंड पण निळा नाही. चेहरा आहे तसा, पोशाख घडीसकट.

८ फेब्रुवारी

मांडणी. अल्ब्युमेनला प्रखर प्रकाश चालत नाही, ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर जाऊ नये असा संग्रहालयांचा दंडक आहे. पण मंद दिव्यात काळं कापड वाचता येत नाही, आणि मी हे सगळं त्यासाठीच केलं. इनामदार सरांनी तोडगा काढला: दिवा समोरून न लावता उजवीकडून तिरका, अंतर वाढवून, आणि पाहणारा नसताना बंद राहील असं बटण. चकाकी डोळ्यांवर येत नाही आणि बाहीची शिवण उठून दिसते. फ्रेम छातीच्या उंचीवर आडव्या फळीवर ठेवली आहे, वाकून पाहावी अशी. शेजारी भिंग.

शाळेच्या मुलांचा एक गट सोमवारी येणार आहे. त्यांना दाखवायला अर्धवट उन्हात काढलेला, हायपोत न गेलेला एक कागद काळ्या पाकिटात ठेवला आहे. तो उघडून खिडकीत धरला की त्यांच्यासमोर रंग बदलेल. सरांनाही घरी लावायला एक प्रत हवी आहे. चांदी लावलेला एक ताव शिल्लक आहे आणि तो फार दिवस टिकत नाही, तेव्हा उद्या ऊन असेल तर सकाळीच छापते.